खाऱ्या पाण्याच्या टाकीतील केसाळ शेवाळ : नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य, तरीही वाढतेच आहे. मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात बावधनला राहतो आणि घरी २०० लिटरची समुद्री टाकी सांभाळतो. येत्या जूनमध्ये तिला दोन वर्षे पूर्ण होतील. फेब्रुवारीच्या अखेरीपासून टाकीत हिरवे केसाळ शेवाळ माजले असून ते कोणत्याही उपायाला दाद देत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माहिती लांबलचक आहे, कारण ‘आधी पॅरामीटर्स सांगा’ यातच पहिला दिवस जातो, असा अनुभव आहे.

टाकीत दोन क्लाउनफिश, एक गॉबी मासा, सहा टर्बो गोगलगायी आणि काही हर्मिट खेकडे आहेत. प्रवाळवर्गातले म्हणाल तर केवळ झोअँथिड आणि मश्रूम (दोन्ही दगडी सांगाडा नसलेले मऊ जीव). दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मी ते ठेवत नाही आणि टाकीतले दगडही सिरॅमिकचेच आहेत. तेव्हा त्या दिशेचे सल्ले कृपया देऊ नयेत. खालच्या सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५, तापमान २६ ते २७ अंश, शेवाळाचे अन्न असलेले नायट्रेट १ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, फॉस्फेट ०.०२. पाणी घरच्या आरओचे वापरतो आणि दर शनिवारी २० लिटर बदलतो.

शेवाळ चिमटीने उपटले तर ओल्या कापसासारखे झुबक्याने निघते, पण दगडावर खरखरीत खुंट राहतात आणि चौथ्या दिवशी त्याच जागी पोपटी धुमारे दिसू लागतात. भिंगाखाली पाहिले, तंतूंना पिसासारख्या फांद्या नाहीत. त्यामुळे हे ब्रायोप्सिस (पिसासारखे दिसणारे दुसरे हिरवे शेवाळ) नसावे. तंतू कडेने चढू लागले की झोअँथिड मिटून घेतात, आणि एक वसाहत तर बारा दिवसांपासून उघडलेलीच नाही.

आतापर्यंत खाणे निम्म्यावर आणले. गोठवलेले खाद्य वितळवून, त्याचे पाणी चहाच्या गाळणीने गाळून टाकून देतो (ही गाळणी आता घरात वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते). सॉक आठवड्यातून दोनदा बदलतो, दिवे नऊ तासांवरून सातवर आणले, तीन दिवस टाकी चादरीने झाकून पूर्ण अंधार केला. अंधाराने शेवाळ विरळ झाले, पण आठवड्यात पूर्ववत. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणेही महिनाभर चालू आहेत. एका दुकानात शेवाळनाशकाची बाटली हातात दिली गेली, पण घटकांमध्ये तांब्याचा क्षार दिसल्यावर ती तिथेच ठेवली, कारण त्याने आधी माझ्या गोगलगायीच मेल्या असत्या.

पाण्यात अन्नच नाही असे तपासणीचे किट सांगत असताना हे शेवाळ जगते कशावर, हा माझा मुख्य प्रश्न आहे. काही जण फ्लुकोनाझोलच्या (बुरशीविरोधी औषधाच्या) गोळ्या सुचवतात. त्या वापरण्याची वेळ आली आहे का?

प्रतिसाद

आपले आकडे खोटे नाहीत, पण ते शेवाळाचे पोट भरल्यावर उरलेल्याचे आकडे आहेत. पाण्यात आलेले नायट्रेट-फॉस्फेट शेवाळ किटच्या आधी टिपून घेते. म्हणून पाण्यात किती उरले यापेक्षा रोज किती येते, हे शोधायला हवे.

आपण बाकी सगळे तपशिलाने लिहिले आणि पाण्याला मात्र चारच शब्दांत उरकलेत. पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो, जो चवीसाठी आरओच्या गाळण-पडद्यातून न गेलेले थोडे पाणी पुन्हा मिसळतो. शिवाय नायट्रेट आणि सिलिकेट त्या पडद्यालाही पूर्ण अडवता येत नाहीत. आता उन्हाळ्याचा विचार करा. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, त्यातले सगळे मागे राहते, आणि भरपाईच्या प्रत्येक लिटरबरोबर नवी भर पडते. टाकीवर पंखा लावला असेल तर दुपटीने.

फ्लुकोनाझोल मुख्यतः ब्रायोप्सिसवर चालते. केसाळ शेवाळावर त्याचा भरवसा नाही, आणि मेलेले शेवाळ कुजून आपले अन्न पाण्यातच परत देते. लोहाचे दाणे मात्र कमी करा. फॉस्फेट अगदी शून्यावर नेल्यास डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी तंतुमय थर येऊ शकतो, आणि त्यापुढे हे शेवाळ परवडले म्हणाल. शेवाळ हाताने उपटून लगेच सायफनने बाहेर काढत राहा, आणि आठवडाभर नळाच्या व आरओच्या पाण्याचा टीडीएस रोज मोजून इथे लिहा.

धागाकर्ता

पंखा १ मार्चपासून चालू आहे आणि रोज सुमारे ४ लिटर भर घालावी लागते, हे लिहायला हवे होते. आठवडाभर मोजले. बुधवारी नळाला ११०, आरओला १८. गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने. त्यामुळे सोसायटीने दोन टँकर मागवले, आणि ते बोअरचे होते. शनिवारी सकाळी नळाला ६४० आणि आरओला ९६. नेमके त्याच दिवशी मी पाणी बदलतो आणि पुढच्या आठवड्याचे भरपाईचे कॅनही भरून ठेवतो! गोड्या पाण्याचा तक्ता धरून शनिवारच्या आरओतले नायट्रेट तपासले तर ते १० पीपीएम निघाले. म्हणजे महिन्याच्या १२० लिटर भरपाईतून १२०० मिलिग्रॅम, माझ्या टाकीच्या हिशेबाने ६ पीपीएम, आणि पाणी बदलताना येणारे वेगळे.

आता कॅन बुधवारी भरतो आणि डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा बसवायचे ठरवले आहे. पिण्याच्या पाण्यावर डीआय नको असल्याने, पडद्याच्या लगेच पुढे, कंट्रोलरचे पाणी मिसळण्याआधी, टी जोडून टाकीसाठी स्वतंत्र फाटा काढायचा विचार आहे. मात्र त्या फाट्याला झडप लावून तो बंद ठेवला तर मूळ यंत्राच्या दाबावर परिणाम होतो का? कोणी अशी जोडणी केली असल्यास कृपया सांगावे.