मदत हवी आहे: खारघरच्या फ्लॅटचं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवावं का?

खारघरवासी
फ्लॅट रीसेलचा, सोसायटी सिडकोच्या लीजच्या जमिनीवर. गृहवित्त कंपनीचं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) कर्ज. शिल्लक मुद्दल ३८ लाख, उरलेली मुदत १५ वर्षं, दर ९.१५%, हप्ता ३८,८८२. एक बँक ७.९०% द्यायला तयार आहे. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) इतका उतरला तरी आमचा दर का उतरत नाही? आणि हलवायचं तर खर्च किती धरू?

जमाखर्च
बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या निर्देशांकाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडावं लागतं आणि तीन महिन्यांतून निदान एकदा दर फेरतपासावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा पीएलआर (ज्यावरून कर्जाचा दर ठरतो तो मूळ दर) त्या स्वतः ठरवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा अनेकांचे हप्ते तेच ठेवून मुदत लांबवली गेली. २०२५ मध्ये तो ५.२५ पर्यंत खाली आला, पण नव्या ग्राहकाला ओढायला दिलेला कमी दर जुन्याला आपोआप मिळत नाही. बँकांचे दर ठरवायच्या आधीच्या पद्धती, बेस रेट (२०१०) आणि एमसीएलआर (२०१६), आल्या तेव्हाही जुनी कर्जं मागणी केल्याशिवाय जुन्याच पद्धतीवर राहिली.

म्हणून आधी कंपनीला ईमेलने विचारा: आज नव्या ग्राहकाला काय दर आहे आणि कन्व्हर्जन फी (त्याच कंपनीत दर कमी करून घ्यायची फी) किती? नव्या बँकेचं मंजुरीपत्र सोबत जोडा, त्याशिवाय खरा आकडा पुढे येत नाही.

खारघरवासी
विचारलं. ८.२५% देतात, फी जीएसटीसह ५,९००.

जमाखर्च
मग तुलना ९.१५ शी नाही, ८.२५ शी करा. १५ वर्षांसाठी हप्ता ८.२५ ला सुमारे ३६,८६५ आणि ७.९० ला ३६,०९६. फरक महिना ७७० रुपये. हलवण्याचा खर्च: नव्या गहाणाची स्टँप ड्यूटी ०.३% म्हणजे ११,४००, प्रोसेसिंग फी ०.२५% धरली तर जीएसटीसह ११,२१०, शिवाय नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाची निबंधक कार्यालयात द्यायची सूचना) फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी), व्हॅल्युएशन. एकूण तीस हजारांच्या आसपास. कन्व्हर्जनपेक्षा जास्तीचे २४-२५ हजार वसूल व्हायला अडीच वर्षांहून थोडं जास्त. त्याआधी घर विकणार किंवा कर्ज फेडणार असाल तर कन्व्हर्जनच घ्या. प्रोसेसिंग फी माफ झाली तर मात्र दीडेक वर्षात भागतं.

मुदतीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. नवी बँक सहज २० वर्षं लिहिते. ७.९० ला २० वर्षांचा हप्ता ३१,५४९ दिसतो, छान वाटतो, पण एकूण भरणा ७५.७ लाख. आजच्या ९.१५ नेच १५ वर्षं भरलं तर ७० लाख! अर्जावर १८० महिनेच लिहून घ्या.

ठाणे_लीगल
सिडकोचा भाग विसरू नका. गहाणासाठीचं ना-हरकत पत्र नव्या बँकेच्या नावाने लागेल. रीसेलच्या वेळी सिडकोच्या दप्तरी तुमच्या नावावर हस्तांतरण झालंय का, ते आधी बघा, बहुतेक फाइली तिथेच अडकतात. सोसायटीचंही पत्र लागतं. ठाण्यात फ्रीहोल्ड (लीजची नसलेल्या, पूर्ण मालकीच्या) जमिनीवर सिडकोची पायरी नसते, पण भोगवटा प्रमाणपत्र आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी बँक मागतेच.

कंपनीकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचं ते सांगणारं पत्र) आणि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स (तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी) एकदमच मागा. लेटरवर तारखेपर्यंतचं व्याज असतं, ती तारीख चुकली की चेक कमी पडतो आणि तफावत खिशातून भरावी लागते. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर फोरक्लोजर चार्ज लावता येत नाही, लावला तर लेखी हरकत घ्या. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई (१ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम). कागद घेताना लिस्टशी एकेक पान ताडून मगच सही करा, शेअर सर्टिफिकेट आणि नोंदणीची पावती हटकून राहून जाते. जुन्या गहाणाची सेर्साईवरची (गहाणांची केंद्रीय नोंदणी) नोंद काढल्याचा पुरावाही घ्या.