'ऑइल शेल इन सिटू फ्रॅक्चर करणे': मराठीत कसं म्हणावं?

मुळाकाठ: मूळ वाक्याचा आशय: ऑइल शेल इन सिटू फ्रॅक्चर करून रिटॉर्ट करतात. माझं मराठी: 'तैलयुक्त पंकाश्म जागीच फोडून त्यातलं तेल बाहेर काढतात.' चालेल?

चुनखडी: 'इन सिटू'ला 'जागीच' उत्तम. 'स्वस्थानी' म्हटलं की वाचक ज्योतिषाकडे वळतो. बाकी वाक्यात दोन चुका आहेत. पंकाश्म म्हणजे मडस्टोन. शेलचे पापुद्रे सुटतात, म्हणून 'शेल'च ठेवा. (कोलोरॅडो-युटा-वायोमिंगमधला ग्रीन रिव्हर खडकथरांचा प्रसिद्ध ऑइल शेल खरं तर मार्ल, म्हणजे चुनखडीयुक्त चिखलाचा खडक आहे, पण नाव पडलं ते पडलं.)

मोठी चूक 'तैलयुक्त'. त्या दगडात तेल नसतंच, केरोजेन (तापवल्यावर तेल देणारा सेंद्रिय पदार्थ) असतं. ते घन असतं आणि नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. फिशर चाचणीत 100 ग्रॅम भुकटी मिनिटाला 12 अंश अशी तापवत 500 अंश सेल्सिअसला नेतात, तिथे 40 मिनिटं धरतात आणि निघालेली वाफ थंड करून तेल मोजतात. म्हणजे तेल 'काढत' नाहीत, 'तयार करतात'. मी 'केरोजेनी शेल' म्हणेन. अमेरिकेतल्या बाकेन खडकथरातलं 'शेल ऑइल' वेगळं. ते आधीच द्रव असतं, फक्त घट्ट खडकात अडकलेलं.

विंधन: 'फ्रॅक्चर'साठी 'जलभंजन' सुचवणार होतो. विंधन विहिरींसाठी हा शब्द रुळलाय: बोअरमध्ये पॅकर (रबरी बूच) फुगवून बसवायचा, खाली दाबाने पाणी सोडायचं, कातळातल्या बुजलेल्या फटी मोकळ्या होतात.

चुनखडी: तिथे फटीपलीकडे पाणी तयार असतं, म्हणून फट उघडली की काम झालं. बाकेनमध्येही तेच, शिवाय फट मिटू नये म्हणून वाळू. इथे फट फक्त उष्णता आत जायला आणि वाफा बाहेर यायला. 'जलभंजन' वाचून लोकांना वाटेल, फोडलं की तेल वाहू लागलं.

शिवाय कोलोरॅडोतल्या लोगन वॉश इथल्या प्रयोगांत पाणी नव्हतं, सुरुंग होते. आधी खाणकाम करून काही दगड काढून पोकळी करायची, मग उरलेला उडवायचा आणि वरून हवा सोडत पेटवायचा. पोकळी का? खाणीवर कुणालाही विचारा: एक ब्रास घन कातळ फोडला की दीड ब्रासच्या आसपास भरतो. फुगायला जागा नसेल तर दगड तडकून तिथेच एकमेकांत अडकतो, हवा शिरत नाही.

विंधन: मग शब्द हाताशीच आहे: डबर. 'जागीच डबर करणे'.

चुनखडी: पटलं! आणि बिघडतं तेही डबरातच. तुकडे एकसारखे नसले की वरून सोडलेली हवा सैल बाजूने पळते, आग तिथे पुढे जाते आणि तयार झालेलं तेल वाटेतच जळतं. मोठ्या धोंड्यांचा गाभा कच्चा राहतो. चुनखडीचं विघटन उष्णता खातं ते वेगळंच.

मुळाकाठ: 'रिटॉर्ट करणे'ला शाळेतलं 'बकपात्र'?

चुनखडी: नको, काचेची चोच डोळ्यांसमोर येते. 'भाजणे' म्हटलं की तेलही जळाल्यासारखं वाटतं. खालच्या आगीत जळायचा तो मुख्यतः दगडात उरलेला कोळसा. तिच्यापुढे जाणारा ऑक्सिजन संपलेला गरम वायू केरोजेन फोडतो. 'तापवून तेल उतरवणे' म्हणा, अर्क उतरवतात तसं.

विंधन: एक पुरवणी. 'इन सिटू' म्हणजे फोडणं आलंच असं नाही. शेल कंपनीच्या (नाव योगायोग!) कोलोरॅडोतल्या प्रयोगात विहिरींत विजेचे हीटर सोडून दगड सावकाश सुमारे 350 अंशांपर्यंत तापवायचा होता. भूजल आत येऊ नये म्हणून भोवती जमीन गोठवून भिंत. 2013 मध्ये गुंडाळलं. उलट एक्सॉनमोबिलच्या कल्पनेत दाबाने पाडलेली फट वीजवाहक भुकटीने भरून तिचाच हीटर करतात. तिथे 'जलभंजन' बिनदिक्कत वापरा.

मुळाकाठ: सुधारित: 'केरोजेनी शेलचं जागीच डबर करून, तो तापवून तेल उतरवतात.'

चुनखडी: 'तो' नव्हे, 'ते'. डबर नपुंसकलिंगी.