मिश्रवंशीय मुलांच्या गोष्टी : पुस्तकं सुचवाल का?

निळीशाई :
माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिचे बाबा कृष्णवर्णीय, मी मराठी. रंगरूपाने आणि केसांनी ती पूर्ण बाबांवर गेली आहे. परवा एका बाईंनी तिच्यासमोरच मला विचारलं, "दत्तक घेतलीत का?" रात्री केस विंचरताना ती हळूच म्हणाली, "आई, मी तुझी वाटत नाही का?"

आपल्यासारखं मूल तिला गोष्टीत भेटावं असं फार वाटतं. सगळे रंग सुंदर असतात असं सांगून संपणारी दोन-तीन चित्रपुस्तकं आणली होती. तिने ती एकदा वाचली आणि ठेवून दिली. मी इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगते, त्यामुळे भाषेची अडचण नाही. चौदा वर्षांच्या भाच्यासाठीही हवंय. त्याचे आईवडीलही दोन वंशांचे आहेत, पण तो काही बोलतच नाही.

पानोपानी :
तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. आधी सुंडी फ्रेझिअर यांचं 'द अदर हाफ ऑफ माय हार्ट' (2010) बघा. जुळ्या बहिणी, आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. किएरा आईसारखी सावळी, तर मिनी गोरी आणि लाल केसांची. मिनीला आईसारखं दिसायचं असतं, आणि लोकांना ती तिची मुलगी वाटतच नाही. म्हणजे तुमच्याच घरातली गोष्ट, फक्त रंग उलटे. आजीकडे गेल्यावर दोघींना कृष्णवर्णीय मुलींच्या स्पर्धेत भाग घ्यावा लागतो आणि तिथे मिनीच परकी ठरते. एकाच घरातल्या दोघींशी जग किती वेगळं वागतं हे त्यांना एकमेकींना सांगताही येत नाही, ती प्रकरणं सावकाश वाचा.

याच लेखिकेचं 'ब्रेंडन बकलीज युनिव्हर्स अँड एव्हरीथिंग इन इट' (2007) मला त्याहून आवडतं. ब्रेंडन दहा वर्षांचा आहे आणि त्याला दगड आणि खनिजांचा नाद आहे. पडलेला प्रत्येक प्रश्न तो वहीत लिहून ठेवतो. खनिजांच्या प्रदर्शनात भेटलेला म्हातारा त्याच्या आईचे वडील निघतात. हे गोरे आजोबा त्याला आजवर कधी भेटलेच नव्हते. का, ते घरात कुणी सांगत नाही. मग तो शास्त्रज्ञासारखा त्या प्रश्नाच्या मागे लागतो. या पोराला स्वतःचं काहीतरी करायचं आहे, वंशाचा प्रश्न त्याच्या वाटेत येतो. तुमच्या लेकीने बाजूला ठेवलेल्या पुस्तकांत बहुधा हेच नसावं. तिथल्या मुलांना आपल्या रंगाखेरीज दुसरं कामच नसतं.

सायंतारा :
'ब्लॅक इज ब्राउन इज टॅन' कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. अर्नोल्ड अडॉफ यांची 1973 ची लांब कविता आहे. ते गोरे, पत्नी लेखिका व्हर्जिनिया हॅमिल्टन कृष्णवर्णीय. अमेरिकेत असे विवाह रोखणारे उरलेसुरले कायदे 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, त्यानंतर सहाच वर्षांनी हे आलं. नऊ वर्षांच्या मुलीला लहान वाटेल, तरी मोठ्याने वाचून बघा. त्यात कुणी काही समजावत नाही, घर नुसतं नांदतं.

मधलीसुट्टी :
उमा कृष्णस्वामी यांचं 'स्टेप अप टू द प्लेट, मारिया सिंग' (2017). 1945, कॅलिफोर्नियातलं युबा सिटी. वडील पंजाबी, आई मेक्सिकन, आणि मारियाला मुलींच्या संघात सॉफ्टबॉल खेळायचाय. तिकडे खरोखरच अशी शेकडो कुटुंबं होती. तेव्हाच्या कायद्यांमुळे पंजाबी शेतकऱ्यांना मायदेशातून बायका आणणं जवळजवळ अशक्य होतं आणि गोऱ्या बाईशी लग्नाला बंदी, म्हणून मेक्सिकन घरांशी सोयरिकी जुळल्या. भारतीयांना नागरिकत्वाची दारं 1946 मध्ये उघडली. त्याआधी जमीन नावावर होत नव्हती, आणि मारियाच्या घरावरचं सावट तेच आहे.

भाच्यासाठी मॅट द ला पेन्या यांचं 'मेक्सिकन व्हाइटबॉय' (2008). डॅनीचे वडील मेक्सिकन, आई गोरी. शाळेत तो मेक्सिकन, आणि वडिलांच्या माणसांत स्पॅनिश न येणारा गोरा. तोही फारसा बोलत नाही. बेसबॉल मात्र जबरदस्त फेकतो. आधी तुम्ही वाचा. भाषा रांगडी आहे, आणि तो स्वतःच्या हाताला नखांनी इजा करतो.

निळीशाई :
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. 'अदर हाफ' कालपासून सुरू केलं. लाल केसांची मिनी ऐकून ती उठूनच बसली, "म्हणजे तिलापण विचारतात?" शेरॉन ड्रेपर यांचं 'ब्लेंडेड' लगेच घेऊ का?

पानोपानी :
एखाद-दोन वर्षं थांबा. इझाबेला अकरा वर्षांची आहे, एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे, आणि पियानो सुंदर वाजवते. पण शेवटाकडे पोलिसांची गोळी तिला लागते. तिचा जीव वाचतो, तरी झोपायच्या वेळी तो भाग नको. आणि मिनीची आजी कडक आहे, तिथे लेक चिडली तर चिडू द्या.