शिकाऊ होतो तेव्हा: लॅब, वॉर्ड, औषधाचं दुकान

मृद्गंधा:
सकाळी सासऱ्यांचं रक्त घ्यायला लॅबमधून मुलगी आली. गळ्यातल्या कार्डावर ‘ट्रेनी’. दोनदा टोचलं, शीर सापडेना, तिचेच डोळे भरले. सासरे म्हणाले, "अगं, अजून एक हात आहे की."

मला थेट १९९८ आठवलं. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, आम्ही एकमेकींच्याच शिरा शोधायचो. कोपरांशी कायम निळे डाग, आईला वाटलं हॉस्टेलात मारामाऱ्या चालतात! आणि सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीचा, पहिला बल्ब (रक्ताची छोटी बाटली). हळूच उलटापालटा करायचा असतो, मी खोकल्याच्या औषधासारखा खळाखळा हलवला. पेशी फुटल्या, सॅम्पल बाद. पेशंटला परत बोलवायला मलाच पाठवलं.

शिकाऊ म्हणून सुरुवात केलेल्यांनी लिहा.

खडूस_फार्मासिस्ट:
डीफार्मनंतर ५०० तास ट्रेनिंग, किमान तीन महिन्यांत, त्यातले निम्मे प्रिस्क्रिप्शन बघून औषध देण्याचे. हे कागदावर. माझे पहिले दोन आठवडे खोकी फोडण्यात आणि उधारीच्या वहीत गेले. पण मालकांनी एक सवय लावली. अक्षर लागलं नाही तर अंदाज नाही, डॉक्टरांना फोन. तेव्हा लाज वाटायची. अजून करतो.

सिस्टरबाई:
मी एएनएम, म्हणजे नर्सिंगवाली. शिकताना पहिली डिलिव्हरी बघतानाच चक्कर. मोठ्या सिस्टर मागे वळूनही न बघता, "पडायचंय तर भिंतीकडे पड गं, ट्रेवर नको." भिंतीकडेच पडले. कुकर झालाय, बाकी नंतर.

चिंगी७:
😂😂 भिंतीकडे

माळरान:
बायको ‘आशा’ आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती. बाळ झालं की ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी घरी जायचं, झोळीत घालून वजन करायचं. पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, "परवापर्यंत माझ्या वावरात खुरपत होतीस, आता नातवाला काट्याला टांगणार व्हय?" आधी दृष्ट काढली, मग वजन. आता तीच म्हातारी बीपीच्या गोळ्यांचं विचारायला येते, चहा पिऊन जाते. मोबदल्याचं विचारू नका, वेगळा धागा होईल.

कावेरी_पुणे:
माळरान, काढाच तो धागा.
भाचा जर्मनीत नर्सिंगचं आउसबिल्डुंग करतोय. तीन वर्षं, थोडी शाळा, थोडं काम, दरमहा पैसे. जर्मन भाषेची बीटू पातळी पास होऊन गेला, पण वृद्धाश्रमातल्या आजी बोलतात श्वेबिश, तिथली बोली! म्हणतो, मावशी, पुण्यात मराठी शिकून मालवणात उतरल्यासारखं झालंय. आजींना अंघोळ घालतो ऐकून ताईने रडून घेतलं. इथे स्वतःचं ताट उचलत नव्हता.

चिंगी७:
जर्मनचा क्लास कुठला लावलेला? मुलीला विचारायचंय.

कावेरी_पुणे:
व्यनि (खासगी निरोप) केलाय.

सिस्टरबाई:
आले. चक्कर आली कारण उपाशी होते, रक्ताला घाबरून नाही, हे नोंदवून ठेवा. मृद्गंधा, सासऱ्यांचा रिपोर्ट?

मृद्गंधा:
हिमोग्लोबिन ठीक. उपाशीपोटीची साखर १५८. पेढ्यांचा डबा कोण संपवतं ते कळलं. आणि तिसऱ्या वेळी तिने शीर बरोब्बर पकडली, हे लिहायचं राहिलंच.