संरक्षण खर्चाचा विसावा हिस्सा आरोग्याकडे वळवावा का?

प्रस्ताव : विडी कामगाराचा मुलगा, पूर्वभाग, सोलापूर

माझ्या आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. आता तिला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते आणि प्रत्येक तपासणीसाठी आम्हाला हातउसने पैसे घ्यावे लागतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते, आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे ९९,८५९ कोटी. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलेले होते. ते गाठले गेले नाही. संरक्षणाचा केवळ विसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३४,००० कोटी, वळवला तरी आरोग्याची तरतूद एक तृतीयांशाने वाढेल.

प्रतिसाद : निवृत्त सुभेदार, मोहोळ

आपल्या आईंबद्दल वाचून वाईट वाटले, पण हा हिशेब मला मान्य नाही. त्या ६.८१ लाख कोटींपैकी सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते. पगार, शिधा, इंधन, दुरुस्ती यांनाही हात लावता येत नाही. उरतात ते भांडवली खर्चाचे १.८० लाख कोटी, म्हणजे विमाने, जहाजे, तोफा. आपले ३४,००० कोटी तिथूनच जाणार, आणि त्या भांडवली रकमेचा तो विसावा नव्हे, जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. १९६२ मध्ये पुरेसे गरम कपडे नसताना जवानांना हिमालयात उभे केले गेले आणि यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावण्याची वेळ आली, ती तयारी आधी झाली नव्हती म्हणूनच. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, त्याचा जाब मुंबईला विचारावा.

प्रतिसाद : यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रस्ता

मी सुभेदार साहेबांच्या बाजूचा आहे, मात्र कारण वेगळे आहे. उजनी भरलेले असतानाही आपल्याकडे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. ती अडचण तोफांमुळे आलेली नाही. जलवाहिनी आणि वितरण वेळेवर न झाल्यामुळे आली. दिल्लीहून आणखी पैसा आला आणि तो वापरण्याची यंत्रणा हीच राहिली, तर आरोग्याचेही तेच होईल.

प्रस्तावकाचे उत्तर

सुभेदार साहेब, भांडवली खर्चाबाबत आपला मुद्दा बरोबर आहे. विसाव्या हिश्शाची मागणी मी मागे घेतो. परंतु राज्यसूचीचा मुद्दा अपुरा आहे, कारण राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के असतो आणि तो आखडता घेतला तर झळ प्राथमिक आरोग्य केंद्रालाच बसते. यंत्रणेबद्दल म्हणाल, तर कुंभारीजवळच्या रे नगर या कामगारांच्या घरकुल प्रकल्पात केंद्र, राज्य आणि कामगारांचा स्वतःचा हिस्सा एकत्र आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. चिकाटीने मागणारे कामगार पाठीशी असले की तीच यंत्रणा चालते. म्हणून आता माझी मागणी एवढीच आहे : पुढील पाच वर्षे संरक्षणाची तरतूद महागाईइतकी अवश्य वाढावी, पण त्यावरची वाढ आरोग्याला मिळावी.

प्रतिसाद : निवृत्त सुभेदार, मोहोळ

शेजारी देश त्यांची वाढ थांबवणार नाहीत, त्यामुळे पाच वर्षांचे बंधन मला आजही धोक्याचे वाटते. तरीही एक गोष्ट कबूल करतो : माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया एकही रुपया न मोजता झाली. तशी सोय विडी वळणाऱ्या बाईलाही हवी, यावर आपले दुमत नाही. फक्त तिचा पैसा करांतून उभा करावा, सीमेवरच्या जवानाच्या वाट्यातून नव्हे.