भिजलेली हार्डडिस्क वाळवून लावू नका

भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवा, वाळला की चालू करून बघा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. आत फिरत्या तबकडीवर डेटा साठवणारी हार्डडिस्क असेल तर कृपा करून असं करू नका. लॅपटॉपमधल्या अडीच इंची डिस्कच्या झाकणावर हवेचा दाब जुळवायला एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचनाही छापलेली असते. डिस्क बुडाली की त्यातून पाणी आत शिरू शकतं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका दुकानाचा लॅपटॉप रात्रभर बुडाला होता. दुकानदारांनी डिस्क उन्हात वाळवून जोडली, कर्रकर्र आवाज आला आणि सगळ्या खतावण्या गेल्या. पाणी उडून जातं, पण गाळ तबकडीवर चिकटून बसतो. डेटा वाचणारं हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्यामुळे वीज देताच तो गाळ पृष्ठभाग खरवडून काढतो. अशी डिस्क वाळू न देता ओलसर फडक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची.

एसएसडीचं, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचं, तसं नाही. भिजताना आणि नंतर वीज लागली नसेल तर ती बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून, पूर्ण वाळवून दुसऱ्या मशीनला लावता येते, बऱ्याचदा चालतेही. फक्त बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच. ती आजच कागदावर लिहून वरच्या मजल्यावर ठेवा.