अकरावीत सगळ्यांनाच तत्त्वज्ञान शिकवावं का?

मुठाकाठ

तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय आपल्याकडे अकरावी-बारावीला आहेत. पण कला शाखेत, आणि तेही ऐच्छिक. विज्ञान-वाणिज्यवाल्या मुलांची त्यांच्याशी कधी गाठच पडत नाही. माझं मत स्पष्ट आहे : निदान एक वर्ष हा विषय सगळ्यांना हवा. फ्रान्समध्ये शाळा संपताना तत्त्वज्ञानाचा चार तासांचा लेखी पेपर असतो, आणि पुढे विज्ञान घेणारी मुलंही तो देतात.

पुण्याला तर हे पटवून द्यायची वेळच येऊ नये. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, शरीरसंबंधासाठी मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणारा. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचं म्हणणं असं की सुधारणा समाजाने आतून कराव्यात, परक्या सरकारला घरात शिरू देऊ नये. सरकारचा हात कुटुंबात कुठवर पोचावा, हा तो वाद. तो कुठल्या विद्यापीठाच्या वर्गात झाला नाही, वर्तमानपत्रांतून आणि सभांमधून झाला. (याच शहराने आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, हेही लक्षात असू द्या.)

आज उत्तराखंडात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली आहे. प्रश्न तोच. पण आपण विचारतो काय, तर हा कायदा कुठल्या पक्षाने आणला. ते कळलं की आपलं मत तयार! मुलांच्या हाती आपण हीच सवय देतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

चाकण_दुसरी_पाळी

असहमत. माझ्या लाइनवर आयटीआय झालेली पोरं येतात. त्यांतल्या काहींना टक्केवारी काढता येत नाही, इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत. आधी ते शिकवा. वेळापत्रकात तास मोजके असतात. नवा विषय घुसवला की कुठल्या तरी जुन्याचा तास जातो, तो कुणाचा जाणार हे धागाकर्त्यांनी सांगावं.

दुसरं, विषय परीक्षेचा झाला की मेला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आणला. सदाशिव पेठेत एक फेरी मारा. ‘सचोटी’ची तयार उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात. माझ्या पुतण्याने ती पाठ केली आहेत. त्याने प्रामाणिकपणावर विचार केला असेल, असं मला वाटत नाही.

निवृत्त_शिक्षिका_कोथरूड

मी तर्कशास्त्र शिकवलं आहे, म्हणून लिहिते. झेरॉक्सबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यात दोष प्रश्नपत्रिकेचा आहे. व्याख्या विचारल्या की मुलं व्याख्या पाठ करतात. मी वर्गात त्या दिवशीच्या पेपरातला अग्रलेख वाचायला द्यायचे. लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याला आधार काय दिलाय, आणि न सांगता काय गृहीत धरलंय, एवढंच शोधायचं. पहिल्या सत्रात मुलं आवडलेल्या लेखाला ‘बरोबर’ म्हणायची. दिवाळीनंतर आवडलेल्या लेखातलीच फट दाखवायला लागायची. हे गणिताच्या तासाला होत नाही, इतिहासाच्या तासाला तर आपण होऊच देत नाही. आणि आयटीआयच्या मुलाला हे जमणार नाही, असं कृपया धरून चालू नका. कामाचा करार सगळ्यात आधी त्याच्याच हातात पडतो.

सत्यशोधकी

धागाकर्त्यांच्या पुण्यात फक्त टिळक आणि आगरकर राहत होते का? १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा या शहरात तत्त्वज्ञानाची वानवा नव्हती. वेदान्त, न्याय, मीमांसा सगळं जाणणारे शास्त्री पेठापेठांत होते. तरी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं. ब्रह्म सगळीकडे आहे असं म्हणणाऱ्यांना हौदावरचा महार दिसला नाही. तेव्हा ‘तत्त्वज्ञानाने माणूस शहाणा होतो’ हे मला कुणी सांगू नये.

फुल्यांनी १८८२ साली सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे काय मागितलं? सक्तीचं प्राथमिक शिक्षण. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. तुमचा हा अकरावीचा विषय कोण घेणार, कोण शिकवणार आणि पुस्तकात कुणाचे विचार छापले जाणार? आधी याचं उत्तर द्या.

मुठाकाठ

@सत्यशोधकी, फुले माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हवेच होते. पण तुमच्या मुद्द्यातून माझंच म्हणणं पुढे जातं. त्या शास्त्र्यांना कोण पुरून उरलं? निर्मिकाने (ईश्वरासाठी फुल्यांचा शब्द) सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिले, या एका पायावर अख्खी व्यवस्था तपासणारा माणूस. टॉमस पेन या विचारवंताचं मानवी हक्कांवरचं लिखाण त्यांनी वाचलं होतं. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते, आणि ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत त्यांनीच सांगितलं की संविधानिक नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते. ती कुठे जोपासायची? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती मोजक्या गुणांपुरती उरली आहे.

सत्यशोधकी

फुले वर्गात बसून तसे झाले नाहीत. मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेल्या अपमानातून झाले. तुम्ही अपमान काढून फक्त वाचन ठेवताय.

रात्रपाळी_सिस्टर

मी अतिदक्षता विभागात काम करते. राजकारणातलं मला फारसं कळत नाही, पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय, एवढंच सांगते. व्हेंटिलेटरवरच्या आजोबांचा मुलगा विचारतो, ‘सिस्टर, काय करू?’ डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलेलं असतं. पण जगवणं कुठवर आणि यातना लांबवणं कुठून, हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायची मुभा दिली. २०२३ला ती पद्धत सोपीही केली. तरी असा कागद घेऊन आलेलं कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. घरात हा विषय निघालेलाच नसतो. बहीण म्हणते थांबवा, भाऊ म्हणतो लोक काय म्हणतील, आणि कॉरिडॉरमध्ये भांडण होतं. सतराव्या वर्षी एकदा तरी यावर कुणी बोलायला लावलं असतं, तर त्या भांडणात शब्द तरी वेगळे असते.

चाकण_दुसरी_पाळी

सिस्टर, तुमचं लिहिलेलं वाचून थांबलो होतो. तरीही म्हणतो, त्या मुलाला तत्त्वज्ञ कांट उपयोगी पडला नसता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वेळेवर बोलायला हवं होतं.

निवृत्त_शिक्षिका_कोथरूड

पण वडीलधारे बोलत नाहीत ना! आमच्या सोसायटीचंच बघा. पुनर्विकासाला २०१९च्या सरकारी निर्देशांनुसार ५१ टक्क्यांची संमती पुरते. तळमजल्यावरच्या आजींना घर सोडायचं नाही. सभेत सगळे कायदा सांगत होते. पण बहुमत आहे म्हणून एखादीचं राहतं घर पाडणं न्याय्य ठरतं का, हे विचारलं की लोक चिडतात. कायद्यापुढचा प्रश्न विचारणं म्हणजे खोडा घालणं, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. माझा जीव याने तुटतो.

@चाकण, कुणाचा तास जाणार हे तुम्ही विचारलंत. कुणाचाच नको. आठवड्यातून एक तास मराठीतूनच घ्या, निबंधाच्या जागी. विषय हवा तर वेताळ टेकडीचा द्या. त्या टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याने आज लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी होईल असं महापालिका म्हणते. उद्याच्या पुणेकरांचा त्या टेकडीवर हक्क आहे की नाही, हे मुलांनी दोन्ही बाजूंनी लिहावं.

चाकण_दुसरी_पाळी

निबंधाच्या जागी चालेल. गाइड छापू नका, गुण देऊ नका. गुण आले की माझा विरोध कायम.

मुठाकाठ

गुण नसतील तर शाळा तो तास गणिताला देऊन टाकेल. दोन्ही बाजूंनी लिहायला लावणारा एक तरी प्रश्न पेपरात हवाच, यावर मी ठाम आहे. ताई, तोवर रविवारी दहा-पंधरा मुलांबरोबर करून बघायचं का? माझ्या ओळखीने टिळक रस्त्याजवळ एक हॉल मिळू शकेल.

सत्यशोधकी

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतली मुलं मी आणतो. पण टिळक रस्ता नको. पर्वती पायथ्याला महापालिकेच्या शाळेचा वर्ग मिळतो का बघा. आणि पहिला विषय टेकडीवरच्या रस्त्याचा न घेता टेकडीवरच्या वस्तीचा घ्या.